आत्याच्या गालाचा निकाल

तीन डॉक्टर झाले, तीन मतं झाली आणि घरात तीन तट पडले. गाठ मात्र एकच होती. आत्याच्या डाव्या कानाच्या पाळीखाली, गोटीएवढी, दुखत नव्हती की खुपत नव्हती. दाबली की जरा सरकायची आणि पुन्हा जागेवर येऊन बसायची. जणू घराच्या वाटणीत आपलाही हिस्सा आहे आणि तो मिळाल्याशिवाय आपण हलणार नाही, असा त्या गाठीचा आव होता.

सुई घालून तपासणी झाली होती. गाठ साधी निघाली, म्हणजे आज तरी. पण ही जात वाढत राहते आणि वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर कधीतरी बिघडूही शकते, एवढ्या एका गोष्टीवर तिन्ही डॉक्टरांचं एकमत होतं. पुढे सगळा आनंद. आत्याच्या भावाच्या, म्हणजे शेठच्या डॉक्टरांचं म्हणणं, गालातली लाळेची ग्रंथीच मुळासकट काढायची, म्हणजे पुन्हा नाव नको. भावजयीच्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, हातच लावू नका, नजर ठेवा. आणि त्यांच्या मुलाने, बारकूने शोधलेला तिसरा म्हणत होता, बारीकसा छेद, नुसती गाठ उचलायची आणि लगेच घरी.

आता हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या गालाचा असता तर गोष्ट वेगळी होती. त्या ग्रंथीच्या पोटातून चेहऱ्याची नस जाते, फांद्या फुटलेली. डोळा मिटणं, भुवई उचलणं, ओठ आवळणं, सगळं तिच्या हातात. ती दुखावली तर दुसऱ्या बाईचं हसू वाकडं होईल, एवढंच. पण आत्या काच फुंकून वस्तू घडवायची. ओठ नळीवर घट्ट बसले नाहीत की वारा कडेने निसटणार, आणि वारा निसटला की वडिलांची छाती गेल्यापासून तिने चालवलेली भट्टी तिच्यासाठी विझली म्हणून समजायचं. हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ती बोलली नव्हती. बोलण्याची सवय होती कुठे तिला?

इथे या घराची एक रीत सांगावीच लागते, कारण सगळा घोळ तिनेच केला. फुंकणाऱ्याचं तोंड नळीला असतं, त्याला बोलता येत नाही. म्हणून भट्टीसमोर त्याच्या शेजारी एक माणूस उभा राहतो आणि त्याच्या वतीने हाका देतो. या घरात त्याला 'बोलका' म्हणत. बोलक्याने फुंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची. आत्याने डावी भुवई उचलली की 'दार उघडा', म्हणजे काचेला पुन्हा आच द्यायला भट्टीचं. डोळे बारीक केले की 'चिमटा द्या'. पाय आपटला की 'गप्प बसा सगळे'. तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे शेठ म्हणत, तो मिसरूड फुटायच्या आधीपासून तिचा बोलका. पुढे तो दुकानात बसायला लागला आणि त्याची मुलगी ठिणगी त्या जागी आली, पण शेठची जीभ काही भट्टीपाशी राहिली नाही. गिऱ्हाईक आत्याला विचारायचं आणि उत्तर शेठ द्यायचा. जेवताना ती मान वर करायच्या आत हा म्हणायचा, ताईला अजून वाढा. आणि दहातल्या नऊ वेळा त्याचं बरोबर असायचं, हीच तर पंचाईत होती.

पहिल्या डॉक्टरांपुढेही तेच झालं. त्यांनी आत्याला विचारलं, काय त्रास होतो. शेठने सांगितलं. आत्या हातातली पिशवी धरून बसली होती आणि मनात म्हणत होती, बरं बोलतो हा. पुढच्या दोन डॉक्टरांकडे तर ती गेलीच नाही. भट्टी काही गार करून ठेवता येत नाही, आणि नाट्यगृहाच्या दिव्यांचे गोल करायचं मोठं काम अंगावर होतं. घरची माणसंच तपासणीचे फोटो आणि रिपोर्ट घेऊन परस्पर जाऊन आली.

तर त्या सुटीच्या दुपारी सगळे कारखान्यामागच्या जेवणघरात जमले. या खोलीची एक भिंत भट्टीला लागून, त्यामुळे कायम कोमट. थंडीत त्या भिंतीला पाठ लावून बसायला भांडणं व्हायची. आज ती जागा रिकामी होती आणि सगळे टेबलाशी ताठ बसले होते.

शेठने सुरुवात केली. मुळापासून काढायचं, ह्यावर आता चर्चा नको, असं म्हणून त्याने बराच वेळ चर्चा केली. बाबांनी छातीचं दुखणं अंगावर काढलं आणि काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या वेळी आपण लहान होतो म्हणून गप्प राहिलो, आता राहणार नाही, असं म्हणताना त्याचा आवाज चढला. भावजय त्याच्याकडे न बघता फळं चिरत होती. तिची आई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नव्हती. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काढत नसे. ती म्हणाली, चांगल्या हसत्याखेळत्या बाईला कापायचं, हे कुठलं शहाणपण. बारकू, नावाचाच बारकू, एरवी खुर्चीत मावत नाही असा, विमा कचेरीत नोकरीला. तो आधी आईच्या बाजूने बोलला, मग बापाचा पारा बघून बापाच्या बाजूला सरकला आणि शेवटी दोघांच्या मधला म्हणून आपलाच डॉक्टर पुढे केला. नवरा-बायकोचं आठवडाभर बोलणं नव्हतं. मुलाच्या डॉक्टरवर मात्र दोघं मिळून तुटून पडले. बारकूने बिचाऱ्याने हात टेकले. ठिणगी आत्याच्या शेजारी बसली होती. एकदा बापाला, एकदा आईला उलट बोलली आणि दोघांकडूनही बोलणी खाऊन गप्प झाली.

आत्या ऐकत होती. तिच्या गालाचं भांडण चाललं होतं आणि गालाकडे कुणी बघत नव्हतं. तिला राग येत होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. तीन शिकलेली माणसं एकाच फोटोकडे बघून तीन गोष्टी सांगतात, तेव्हा आपण कुणाच्या हाती मान द्यायची? नाणं उडवायचं का?

"डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या," भावजय शेठला ऐकवत होती, "घरी बसून असणाऱ्या बाईला या वयात कशाला हा ताप?"

आत्याने मान वर केली.

"घरी बसून असणारी कोण?"

भावजयीची सुरी थांबली. क्षणभर तिला कळेचना. मग कळलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

"वन्सं, मी आपलं... मी म्हटलं त्यांना, की आता काही करत नाहीत त्या. आराम करतात."

"मी आराम करते?"

"करायला हवा ना पण," भावजय म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काम करतात म्हटलं असतं तर कापा म्हणाल्या असत्या."

आत्या हळूहळू शेठकडे वळली. पहिल्या डॉक्टरांकडे ती त्याच्या शेजारीच बसली होती, पण फोटो काढायला तिला आत नेलं तेव्हा शेठ आणि डॉक्टर बाहेर बोलत उभे होते, ते तिला आठवलं. तिने विचारलं, तू काय सांगितलंस. शेठ आधी नीट उत्तर देईना. सांगितलं की, म्हणाला, जे सांगायचं ते. तिने नजर हटवली नाही. मग त्याने कबूल केलं. बहिणीला बाकी कशाची पर्वा नाही, चेहरा राहो न राहो, फक्त हे दुखणं पुन्हा येता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं आहे, असं त्याने सांगितलं होतं. फुंकण्याचं त्याने काढलंच नव्हतं. काढलं असतं तर डॉक्टरांचा हात कचरला असता, असं त्याला वाटलं.

"आणि तू?"

बारकूने घसा खाकरला. नाट्यगृहाचं काम अडलंय, आत्याला पंधरवड्यात भट्टीसमोर उभं राहायचंय, सगळ्यात लवकर काय होईल ते सांगा, असं त्याने विचारलं होतं. "तुला तेच हवं असणार असं मला वाटलं, आत्या," तो म्हणाला. "तू एक दिवस घरी बसत नाहीस."

आत्या हसायला लागली. आधी खांदे हलले, मग खुर्ची हलली, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेठ घाबरून उठला, त्याला वाटलं बहिणीला काहीतरी झालं. तिला झालं एवढंच होतं की तीन महिने उरावर बसलेला धोंडा उतरला होता. डॉक्टरांमध्ये भांडण नव्हतंच. एकाला आराम करणारी म्हातारी दाखवली, एकाला चेहऱ्याची पर्वा नसलेली बाई आणि एकाला घाईला आलेली कारागीर. तीन बायकांना तीन औषधं मिळाली होती आणि तिन्ही बहुधा बरोबरच होती. चौथीला मात्र अजून कुणी तपासलंच नव्हतं.

"गाढवांनो," ती प्रेमाने म्हणाली, "माझं तोंड नळीला नव्हतं रे या वेळी. मोकळं होतं."

शेठने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. टेबलाखाली आत्याचा पाय आपटला, आणि शेठने तोंड मिटलं.

दवाखान्यात तिने फक्त ठिणगीला सोबत नेलं, तेही एक अक्षर बोलायचं नाही या बोलीवर. जायच्या आदल्या दिवशी शेठ दुकानात गिऱ्हाइकाला दोनदा चुकीचं सामान देऊन बसला. भावजयीने वन्संची चांगली साडी स्वतः इस्त्री केली. ही तिची क्षमा मागण्याची पद्धत होती, आणि आत्यानेही ती साडी नेसून ती मंजूर केली.

शेठचे डॉक्टर मोठे सर्जन. भुवया पांढऱ्या, बोलताना पेनाचं टोपण काढायची-घालायची सवय. त्यांनी विचारलं, बोला, काय ठरलं. ठिणगीचं तोंड सवयीने उघडलं. आत्याने तिच्या पायावर पाय दिला. मग आत्या बोलली. आवाज सुरुवातीला भुईतून आल्यासारखा आला, कारण परक्या माणसापुढे एवढं सलग ती कधी बोललीच नव्हती.

"मी काच फुंकते. ह्याच गालांनी. मला जगायचंय आणि मला फुंकायचंय. घाई नाही, वर्ष लागलं तरी चालेल. पण दोन्ही हवंय. दोन्ही मिळणार नसेल तर ते मला सांगा, भावाला नको."

टोपण काढायचं राहिलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना वाटलं होतं ती दुकान सांभाळते. दुकान भावाचं, आत्या म्हणाली. डॉक्टरांनी तिला गाल फुगवायला लावले, दोन्ही गालांवर बोटं ठेवली, पुन्हा फुगवायला लावले. मग फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिले. हे आधी कळलं असतं तर मी हाच सल्ला दिला नसता, असं त्यांनी सरळ सांगितलं. आत्याला तो माणूस तिथेच आवडला. बाकीच्या दोघांना ते ओळखत होते. त्यांनी स्वतःच सुचवलं, सगळे एकत्र बसू आणि तुम्हीही बसा.

पुढच्या आठवड्यात तसे बसले. आत्या मधल्या खुर्चीत. तिन्ही डॉक्टर तिच्यासमोर वाद घालत होते आणि तिला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण ते भांडत आहेत ते आता एकाच बाईबद्दल, हे तिला कळत होतं. भावजयीच्या डॉक्टरीणबाई शिडशिडीत, आवाज मऊ. त्या म्हणाल्या, "घरी बसणाऱ्या बाईसाठी मी जे सांगितलं ते आजही सांगेन. पण ह्या त्या बाई नाहीत." गाठ वाढली की नसेला चिकटत जाते, आणि फुंकणाऱ्याच्या गालावर रोज आतून दाब येतो, तेव्हा हिच्या बाबतीत थांबण्यात फायदा नाही, असं त्यांचं मत पडलं. बारकूचा तरुण डॉक्टर म्हणाला, घाई नसेल तर नुसती गाठ उचलण्यापेक्षा तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भागही काढावा, म्हणजे मागे बी राहणार नाही. आणि मोठ्या सर्जननी मुळासकट हा शब्द मागे घेतला. ग्रंथीचा फक्त बाहेरचा भाग काढायचा. आधी नस शोधायची, मग गाठीला हात. तरीही किती भाग काढायचा यावर दोघांचं थोडं जमेना, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की ओठ काही आठवडे लुळा पडू शकतो. क्वचित तो कायमचा तसाच राहतो, ही शक्यता लहान आहे पण आहे.

आत्याने विचारलं, नस सापडली की तिला धक्का लागतोय हे कळणार कसं? सर्जननी सांगितलं, एक यंत्र लावतात. हत्यार नसेच्या फार जवळ गेलं की ते आवाज करतं.

"म्हणजे नसेलाही बोलका आहे," आत्या म्हणाली.

ठिणगी खुदकन हसली. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण तेही हसले. मग आत्याने आपला निकाल सांगितला. किती काढायचं ते मोठ्या सर्जननी ठरवावं, कारण हात त्यांचा आहे. धोका तिला मान्य आहे, कारण गाल तिचा आहे. बाहेर पडताना तिला आपण तरुण झाल्यासारखं वाटत होतं. जिन्यातच ती ठिणगीला म्हणाली, चल, आज काहीतरी गोड खाऊ.

ऑपरेशन झालं. अख्खी गाठ निघाली, कडा स्वच्छ, आत काही वाईट नाही. शेठने तो निरोप ऐकला आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. पण आत्या शुद्धीवर आली तेव्हा तिचा डावा ओठ खाली आला होता आणि डावी भुवई हलत नव्हती. पाणी प्यायली की कडेने ओघळायचं. नस शाबूत आहे, रुसली आहे, येईल, असं सर्जन म्हणाले. कधी, ते कुणीच सांगेना.

ते दिवस काही गमतीचे नव्हते. आत्या आरशासमोर बसून गाल फुगवायची आणि वारा फुस्स करून निसटायचा. चार-चारदा फुस्स झालं की ती आरसा पालथा घालायची. मग भावजय तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायला लागली आणि स्वतःही गाल फुगवायला लागली. दोघी समोरासमोर फुगलेल्या. एकदा बारकू दारात आला आणि तसाच मागे फिरला. बारकू एक काम मात्र झकास करून आला होता. नाट्यगृहवाल्यांकडे जाऊन त्याने ठणकावून सांगितलं होतं की गोल मिळतील, पण आत्या सांगेल तेव्हा. आणि त्याआधी, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने आत्याला विचारलं होतं, हे सांगू ना?

एका सकाळी आत्या चहा प्यायली आणि पदर पुसायला गेली, तर पदर कोरडा. ती कुणाला काही बोलली नाही. आरसा उचलून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सर्जननी फुंकायची परवानगी दिली, तीही जपून, लहान कामापुरती. त्या दिवशी भट्टीसमोर सगळं घर जमलं. कुणाला बोलावलं नव्हतं. शेठ दुकान बंद करून आला होता, भावजय ओले हात घेऊनच. ठिणगीने नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेतला, लालभडक, मधासारखा सुस्त, आणि नळी आत्याच्या हातात दिली. मग ती बोलक्याच्या जागेवरून बाजूला झाली आणि बापाकडे बघितलं. शेठ येऊन त्या जागी उभा राहिला. किती वर्षांनी उभा राहिला होता.

आत्याने नळी ओठांवर बसवली. डावा कोपरा दाबून बघितला. बसला. तिने श्वास घेतला आणि फुंकला, आणि गालाने तो धरला. जरासाही वारा कडेने गेला नाही. लाल गोळ्याच्या पोटात एक बुडबुडा उमटला आणि फुगायला लागला. भावजयीने तोंडावर हात धरला. काच आता निवायला लागली होती, तिला पुन्हा आच हवी होती. हे शेठला दिसत होतं. हाक त्याच्या जिभेवर आलीच होती. पण त्याने ती गिळली, बहिणीकडे वाकला आणि हलक्या आवाजात विचारलं.

"ताई, काय सांगू?"

आत्याचं तोंड नळीला होतं. तिने भावाकडे पाहिलं, आणि तिची डावी भुवई वर गेली. पुरी वर, अगदी पहिल्यासारखी.

"दार उघडा," शेठने हाक दिली. त्याचा आवाज मध्येच फाटला, म्हणून त्याने पुन्हा दिली, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशी. आणि दार उघडलं.